दोन काचांमधलं फूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात घरच्या घरी दाबून सुकवलेल्या फुलांच्या फ्रेमा करते. जून ते ऑक्टोबर फोन जास्त येतात. निम्म्या फोनांत प्रश्न एकच असतो, "आतून पांढरं काय आलंय?" त्याचं उत्तर ११व्या प्रश्नात आहे. घाई असेल तर थेट तिथे जा, पण फूल अजून काचेत गेलं नसेल तर आधीचंही वाचा.

१. दोन काचांची फ्रेम म्हणजे नेमकं काय? नेहमीची फ्रेमही काचेचीच असते ना?

नेहमीच्या फ्रेममध्ये पुढे काच आणि मागे पुठ्ठा किंवा एमडीएफ असतो. इथे मागेही काचच असते, त्यामुळे फुलामागे भिंतीचा रंग दिसतो आणि खिडकीजवळ धरलं तर पाकळीच्या शिराही दिसतात. गंमत आहे तीच अडचणही आहे. मागे पुठ्ठा नाही म्हणजे ओल शोषायला काही नाही, डिंकाचा थेंब लपवायला जागा नाही आणि दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो. याचे ढोबळमानाने तीन प्रकार होतात: पितळी कडांची, बिजागरीने उघडणारी तयार फ्रेम, खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत बसवलेल्या दोन काचा, आणि कडेने तांब्याची पट्टी लावून वर डाग दिलेली, म्हणजे सोल्डरिंग केलेली.

२. कुठली फुलं चांगली होतात? मला मोगऱ्याची करायची आहे.

मोगऱ्याचा विचार सोडा. मांसल, सुवासिक फुलं म्हणजे मोगरा, निशिगंध, चाफा आणि सोनचाफा दाबली की तपकिरी होतात. सोनचाफ्याची पाकळी नुसती चुरगळली तरी काळी पडते, तेच वजनाखाली होतं. पारिजातकाचा देठ केशरी राहतो, पण पाकळ्या चहात बुडवल्यासारख्या होतात. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

हमखास जमणारी फुलं पातळ असतात आणि त्यांच्यात पाणी कमी असतं. बोगनवेल तर निम्मी वाळलेलीच असते. आपण जिला पाकळी म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, मधलं पांढरं नळीसारखं ते फूल. कॉसमॉस, विशेषतः पिवळा आणि नारिंगी, फार छान. तेरडा चांगला. गोकर्ण एकेरी असेल तर निळी शाई सांडल्यासारखी दिसते. आणि अबोली! कोकण-गोव्याकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. पाकळी आधीच कागदासारखी, सुकली तरी नारिंगी. अबोलीची एकेक पाकळी चिमट्याने सरळ करून दाबायला वेळ लागतो, पण ज्यांना पहिल्यांदा काही करून बघायचंय त्यांना मी तीच सांगते.

झेंडू आणि शेवंती अख्खी दाबू नका. पाकळ्या सुट्या करा, दाबा आणि मांडताना पुन्हा फूल रचा. जास्वंद कागदाला चिकटते आणि तिचा लाल रंग जांभळट होतो. शतावरीची झुपकेदार डहाळी, नेचे, गवताची तुरेवाली काडी हे सगळं निर्धास्त घ्या. फुलं फसली तरी पानं लाज राखतात.

३. वहीत ठेवून सुकवलं तर चालेल ना? किती दिवस?

चालेल, पण वहीचा गुळगुळीत कागद ओल शोषत नाही. टीपकागद किंवा साधं वर्तमानपत्र घ्या, गुळगुळीत रंगीत पुरवणी नको. फूल आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये एक कोरा पातळ कागद ठेवा, नाहीतर मथळ्याची शाई पाकळीवर उमटते. वर पाटा, डिक्शनऱ्या, काय असेल ते वजन. पहिल्या चार-पाच दिवसांत कागद रोज बदला. लोक हेच टाळतात, आणि रंग जातो तो याच दिवसांत. पुढे दोन दिवसांआड बदलला तरी पुरे. कोरड्या दिवसांत दोन आठवडे, पावसाळ्यात चार.

झालं की नाही हे ओठाला विचारा. पाकळी वरच्या ओठाला हलकेच टेकवा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. काहीच जाणवलं नाही तर सुकली. बोटांना हा फरक कळत नाही, ओठाला कळतो.

४. मायक्रोवेव्ह किंवा इस्त्रीने लवकर होत नाही का?

होतं. दोन सपाट टाइल्समध्ये टीपकागद आणि मध्ये फूल ठेवून कमी पॉवरवर १५-२० सेकंद द्या, उघडून वाफ जाऊ द्या, पुन्हा द्या. टाइलवर धातूची चमक किंवा सोनेरी नक्षी नको. सलग दोन मिनिटं लावलं तर फूल शिजतं. इस्त्री करायची तर वाफ बंद, सगळ्यात मंद आच, कागदावरून दाबून ठेवायची, फिरवायची नाही. पटकन सुकलेल्या फुलाचा रंग बऱ्याचदा जास्त चांगला राहतो. तरी मी शेवटी ते आठवडाभर वजनाखाली ठेवतेच, कारण कडा सुकतात आणि मधला गोंडा ओला राहतो.

५. काच किती जाडीची घ्यावी?

१० x १२ इंचांपर्यंत २ एमएम, त्याहून मोठ्याला ३ एमएम. जुने काचवाले अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम.

वजनाचा हिशेब सोपा आहे: १ एमएम जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे ८ x १० इंचांची २ एमएमची जोडी अर्धा किलोची, पण १२ x १८ इंचांची ३ एमएमची जोडी पट्टी सोडूनच दोन किलोंवर जाते. मापं वाढवण्याआधी भिंत आणि खिळा आठवा. कडा घासून घ्या. "एज ग्राइंडिंग करून द्या" म्हटलं की काचवाल्याला कळतं. टफन्ड काच लागत नाही, आणि घेतलीच तर माप आधीच पक्कं करा, टफन केल्यावर ती कापता येत नाही.

६. काच फुटेल अशी भीती वाटते. अ‍ॅक्रिलिक चालेल?

लहान मुलांच्या खोलीत आणि कुरिअरला अ‍ॅक्रिलिक बरं. पण त्याच्यावर स्थिर वीज साठते, संरक्षक कागद सोलताना तर हमखास. वरचा पत्रा खाली आणला की गवताची तुसं उडून त्याला चिकटतात. शिवाय ते ओरखडतं आणि मोठ्या आकारात वाकतं. माझं मत काचेच्या बाजूने आहे.

७. आमच्या गावातला फ्रेमवाला म्हणतो "अशी फ्रेम होत नाही". त्याला काय सांगू?

तो खोटं बोलत नाही. त्याच्या नेहमीच्या पट्टीची खाच एक काच, फोटो आणि एक पुठ्ठा एवढ्यापुरतीच असते, आणि मागून तो खिळे ठोकतो. त्याला "फ्रेम करून द्या" म्हणू नका, तीन गोष्टी सांगा. खोल खाचेची पट्टी हवी, दोन काचा धरून वर ३-४ एमएम उरतील एवढी. मागे पुठ्ठा नको, त्याऐवजी चारही बाजूंनी बारीक लाकडी पट्टी आतून बसवायची. आणि काचेवर हातोडी नको, फ्लेक्सी पिना (वाकणाऱ्या चपट्या पिना) त्यांच्या बंदुकीने मारायच्या किंवा पट्टी स्क्रूने आवळायची. काचा बंद करून, कडा टेपने शिवून मगच त्याच्याकडे न्या. फुलं उघडी घेऊन दुकानात जाऊ नका. तिथे लाकडाचा भुसा असतो, पंखा असतो आणि गप्पा असतात.

८. फूल चिकटवायचं की नुसतं दाबून ठेवायचं?

काचा एकमेकींना घट्ट बसणार असतील आणि फुलं सगळी सारख्या जाडीची असतील, तर डिंक नकोच. जाड-बारीक मिसळलं असेल तर जाड फुलं काचा उचलून धरतात आणि बारीक पाकळ्या महिन्याभरात घसरून तळाशी गोळा होतात. अशा वेळी फेविकॉलसारखा पांढरा गोंद टूथपिकच्या टोकावर घ्या, मोहरीएवढाही नको, खसखशीएवढा. तो देठाला किंवा फुलाच्या मधोमध लावा, पाकळीच्या टोकाला कधीच नाही. पाणी घालून पातळ करू नका, ते पाणी पाकळी पिते. मागची बाजूही दिसणार आहे, म्हणून ठिपका फुलाच्या सावलीतच राहायला हवा. लावल्यावर काच उघडी ठेवून पूर्ण रात्र वाळू द्या.

इन्स्टंट ग्लू नको. त्याची वाफ काचेवर पांढरट साय धरते. घरची खळ कागदाला उत्तम, पण ती पिठाची असते, म्हणजे किड्यांना आमंत्रण (प्रश्न १९).

९. मांडणी सुंदर होते आणि वरची काच ठेवताना सगळं सरकतं!

आधी पंखा बंद करा. हसू नका, दहातले चार फोन इथेच मिटतात.

काच आदल्या दिवशी भांड्यांच्या साबणाने धुवा, साध्या पाण्याने खळबळा, शेवटी स्पिरिटने पुसा आणि मग कडेलाच धरा. आयत्या वेळी कोरड्या मायक्रोफायबरने घासत बसलात तर काचेवर वीज साठते आणि पाकळ्या उड्या मारतात. घासलीच असेल तर दहा-पंधरा मिनिटं नुसती ठेवून द्या. खालच्या काचेखाली पेन्सिलने आखलेला पांढरा कागद ठेवा, त्यावर मांडणी करा. वरची काच सपाट सोडायची नाही, हवेचा झोत बाहेर फेकला जातो. एक कड टेकवा आणि पुस्तकाचं पान मिटावं तशी हळूहळू खाली आणा. टेकल्यावर सरकवायची नाही. तिरकी बसली तर सरळ वर उचला, पुन्हा ठेवा.

१०. कडा कशाने बंद करू? सेलोटेप चालेल?

सेलोटेप वर्षभरात पिवळी पडते, सुटते आणि तिचा चिकटा आत ओघळतो. लाकडी पट्टीत जाणार असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप लावा, पट्टीआड ती दिसत नाही.

उघडी काचच हवी असेल तर तांब्याची चिकटपट्टी. २ एमएमच्या दोन काचा मिळून चार. १० एमएमची पट्टी लावली की दोन्ही बाजूंना तीन-तीन एमएम वळते, तेवढी पुरते. तिच्यावर डाग द्यायचा तर फुलं कडेपासून किमान एक सेंटीमीटर आत ठेवा, नाहीतर करपतात. फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून आधी लावतात ते) ब्रशने अगदी बेताने लावा, कारण जास्तीचा दोन काचांच्या फटीतून केशाकर्षणाने आत शिरतो आणि तिथे डाग पडतो तो कायमचा. ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी आणि काम झाल्यावर हात साबणाने. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको.

सिलिकॉन वापरणाऱ्यांसाठी: ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती आतल्या फुलांजवळ नको. ते सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं, त्याने निळे-जांभळे रंग बदलतात आणि तांबं-पितळ हिरवं पडतं. "न्यूट्रल क्युअर" लिहिलेली मागा.

११. काचेच्या आत धुकं आलंय / पांढरे ठिपके आलेत. ताई, काय चुकलं?

धुकं म्हणजे पाणी. पांढरे किंवा काळपट केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच: फूल बंद केलं त्या दिवशी ते कोरडं नव्हतं.

लोक म्हणतात, "आत दमट हवा अडकली." हिशेब करून बघा. ८ x १० इंचांच्या दोन काचांमध्ये अर्ध्या एमएमची फट असेल तर आत सुमारे २५ मिलिलीटर हवा मावते. ३० अंशांना ती अगदी गच्च दमट असली तरी तिच्यात मिलिग्रॅमभरसुद्धा पाणी नसतं. तेवढ्याने धुकं येत नाही. पाणी पाकळ्यांत असतं. आणि यातली खोच अशी की एप्रिलमध्ये कडकडीत सुकवून डब्यात ठेवलेलं फूल जुलैत टेबलावर काढलं की काही तासांत हवेतली ओल परत पितं. सादळलेल्या पापडासारखंच. पापड आपण पुन्हा भाजतो, फूल मात्र तसंच काचेत घालतो.

माझी पहिली मोठी फ्रेम अशीच गेली. भाचीच्या बारशाला द्यायची म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस असताना बंद केली. दसऱ्याला तिच्या घरी गेले तर कॉसमॉसच्या पिवळ्या गोंड्यावर साखर भुरभुरल्यासारखं काहीतरी होतं. वहिनी म्हणाली, "परागकण असतील." मी काही बोलले नाही. ते परागकण नव्हते.

उपाय असा. पावसाळ्यात काम टाळता येत असेल तर टाळा. पुण्यात फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम, रत्नागिरी-पणजीला डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात बरे. टाळता येत नसेल तर मांडणीआधी फुलं दोन दिवस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, खोलीत एसी ड्राय मोडवर लावा आणि डबा उघडल्यापासून अर्ध्या तासात काचा बंद करा. मांडणी आधी फोटो काढून ठरवून ठेवली तरच अर्ध्या तासात होतं. गोंदाचे ठिपके लावायचे असतील तर ते आदल्या दिवशी लावा आणि फुलं चिकटलेली काच रात्रभर सिलिकासकट मोठ्या डब्यात ठेवा.

नुसतं धुकं असेल तर फ्रेम वाचते: उघडा, वरीलप्रमाणे सुकवा, पुन्हा बंद करा. बुरशी आली असेल तर ती फुलं टाका. ब्रशने झाडत बसू नका, बीजाणू घरभर होतात आणि दम्याच्या माणसाला त्रास. काच मात्र धुऊन पुन्हा वापरता येते.

१२. मग सिलिका जेलची पुडीच आत ठेवली तर?

दोन काचांमध्ये ठेवायला जागाच नसते, आणि ठेवली तर फुलांच्या शेजारी पुडी दिसते. लाकडी पट्टीच्या खाचेत बारीक दाणे लपवणारे आहेत, पण ते काही महिन्यांत भरून जातात आणि बदलायला फ्रेम खोलावी लागते. ओशिबाना या फुलं दाबून चित्र करायच्या जपानी कलेत फुलाच्या मागे शोषक थर, ऑक्सिजन शोषणारी पुडी आणि अ‍ॅल्युमिनियमचं अस्तर घालून हवा काढून घेतात. रंग त्यात खरंच जास्त टिकतो. पण तिथे मागची बाजू बंद असते. आरपार दिसायला हवं आणि हेही हवं, असं होत नाही.

सुकवण्यासाठी सिलिका वापरताना नारिंगी दाणे घ्या, ते भरले की हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. घरात मुलं असतील तर नकोच. भरलेले दाणे ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवले की पुन्हा कामाला येतात.

१३. रंग किती वर्षं टिकतो?

आकार तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल, रंग जाणार नाही. लाल, निळ्या, जांभळ्या फुलांचा रंग बहुधा अँथोसायनिनचा असतो, तो उजेडात लवकर उडतो. पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा, तो बराच दम धरतो. बोगनवेलीची राणी रंगाची छटा बीटालेन नावाच्या तिसऱ्याच कुळातली. हिरवं पान ऑलिव्ह होतं, मग तपकिरी, कारण हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. मेथीची भाजी जास्त शिजली की तिचा रंग बदलतो, तेच हे, फक्त सावकाश.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी सुकवलेली झाडं वर्षानुवर्षं जपतात, तीही कागदावर आणि बंद कपाटाच्या अंधारात. आपण नेमकं उलटं करतो: काचेत घालून उजेडात टांगतो. मग रंग उडणारच. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते की दोन-तीन वर्षांनी ही फ्रेम जुन्या फोटोसारखी दिसेल, चालत असेल तर करू. काही जण पाकळ्यांना वॉटरकलर लावून घेतात. मी लावत नाही. रंगवलेलं फूलच हवं असेल तर चित्र काढावं.

१४. यूव्ही काचेने रंग वाचेल का?

थोडा. साधी (फ्लोट) काच अतिनील (यूव्ही) किरणांतला बराचसा भाग आत सोडते. यूव्ही अडवणारी म्युझियम काच महाग आणि लहान गावात मिळत नाही, पण लॅमिनेटेड काच कुठल्याही बऱ्या काचवाल्याकडे असते; तिच्या दोन थरांमधला पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा ९९ टक्क्यांच्या आसपास अतिनील अडवतो. ती जाड आणि जड असते, ५ व्या प्रश्नातला हिशेब करा. आणि दोन्ही बाजूंना लावली नाही तर उपयोग अर्धा. तरीही डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही रंग खातोच. खर्च करायच्या आधी फ्रेमची जागा बदलून बघा, ते फुकट आहे (प्रश्न २०).

१५. काचेवर तेलाच्या तवंगासारखे रंगीत पट्टे दिसतात. काच खराब आहे का?

नाही. दोन काचा एखाद्या ठिकाणी जवळजवळ टेकल्या की मधल्या अतिपातळ हवेमुळे असे पट्टे दिसतात. त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. पुसून जाणार नाहीत. कोपऱ्यांत कागदाचा बारीक कपटा घालून काचा केसभर दूर करा, पट्टे गेले.

१६. फूल जाड आहे, काचा नीट बसत नाहीत. क्लिप घट्ट आवळली तर?

तडा जाईल, आणि तो रात्री जाईल, टक् आवाज करून. जाड फूल मधोमध आणि क्लिपा कडेला, म्हणजे काचेला तुम्ही धनुष्यासारखं वाकवताय. गोंडा मागून ब्लेडने तासा, गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करून पुन्हा रचा, देठ उभा चिरून अर्धाच घ्या. तरी जमत नसेल तर कडेने १-२ एमएमची पट्टी घालून काचा दूर ठेवा. मग मात्र प्रत्येक फूल चिकटवावं लागेल, दाब उरत नाही. कमळ, सूर्यफूल अख्खं हवं असेल तर खोल पेटीची फ्रेम करा. तो वेगळा विषय.

१७. लग्नातली वरमाला जपायची आहे. लग्न होऊन सहा महिने झाले, माळ देवघरात टांगली आहे.

टांगून वाळलेली माळ दाबता येत नाही, चुरा होतो. तिच्यातल्या सुट्या गुलाबपाकळ्या निवडून, एक रात्र डब्यात ओलसर (ठिबकणारं नव्हे) कापडासोबत ठेवून मऊ करता येतात आणि मग दाबता येतात. दहातल्या पाच-सहा वाचतात.

लग्न व्हायचं असेल तर आईला, मावशीला आधीच काम सोपवा. माळ उतरली की फुलवाल्याने मारलेलं पाणी टीपकागदाने टिपायचं, माळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही, आणि दुसऱ्या दिवशी फुलं दाबायला घ्यायची. निशिगंधाची माळ असेल तर ती बदामी-तपकिरी होणार हे वधूला आधी सांगा. गुलाब, अ‍ॅस्टर, सोबतची हिरवी पानं छान येतात. कुणी अक्षता पण टाकायला सांगतात. तांदूळ जाड असतो आणि किड्यांना आवडतो, म्हणून मी नाही म्हणते.

१८. आजीच्या पोथीत एक फूल आणि जाळी पडलेलं पिंपळपान सापडलं. त्याचं करता येईल?

यासारखं काम नाही. पिंपळपानाची जाळी तर आरपार काचेसाठीच आहे. तिला जवळजवळ जाडीच नसते, डिंक लागत नाही आणि रंग उडायचा तो केव्हाच उडून गेलेला असतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा, पाणी लावू नका. १९व्या प्रश्नात दिलाय तो फ्रीजरचा उपाय आधी करा. पोथ्यांत कसर असतेच.

फूल पानाला चिकटलं असेल तर सोडवू नका. एका मुलीने मला आजीच्या पोथीचं सुटं पान तसंच आणून दिलं होतं. एका बाजूला चपटं झालेलं तेरड्याचं फूल. मागून बघितलं तर ओव्यांमधून त्याचा गुलाबी डाग उतरलेला, आणि डागाभोवती आजीच्या हळद-कुंकवाच्या बोटाचा ठसा. दोन काचांमुळे दोन्ही बाजू दिसल्या.

१९. बंद काचेत किडे कसे जातात?

बाहेरून क्वचितच. अंडी फुलातच असतात, विशेषतः गोंड्यात. तंबाखूत होणारा बारीक तपकिरी भुंगेरा सुकलेल्या फुलांतही होतो. काचेत बारीक भुसा दिसला तर तोच समजा. बंद करण्याआधी सुकलेली फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास, आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. नाहीतर गार फुलांवर दव पडतं आणि सगळी सुकवणूक वाया जाते. लाकडी पट्टीला वाळवी लागणं ही भिंतीची तक्रार आहे, फुलांची नाही.

२०. घरात कुठे लावू?

ऊन थेट येत नाही अशा आतल्या भिंतीवर. खिडकीत टांगण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि दिसतंही सुरेख, पण पश्चिमेच्या खिडकीत एका उन्हाळ्यात गोकर्ण पांढरी होते. स्वयंपाकघर नको, फोडणीचा धूर काचेवर चिकट थर करतो. देवघरात समईच्या वर नको. मुंबई-कोकणात पावसाची झड बसणारी बाहेरची भिंत नको. लावावीच लागली तर मागच्या चारही कोपऱ्यांना रबरी बुश लावून भिंतीपासून थोडी दूर ठेवा. दोन किलोच्या फ्रेमला खिळा पुरत नाही. ड्रिल, प्लग आणि स्क्रू.

पुसताना कापडावर स्प्रे मारा, काचेवर नाही. ओघळ खालच्या कडेतून आत जातो.

२१. कासला जाणार आहोत. तिथली दोन-चार फुलं आणली तर?

नाही. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे आणि तिथे फुलं तोडायला बंदी आहे. सीतेची आसवं, कंदीलपुष्पं ही बघायची फुलं. तेरडाच हवा असेल तर कुंडीत लावा, दोन महिन्यांत फुलतो आणि काचेत दिसतो तितकाच छान.

२२. मुलगी सिडनीला असते. तिला पाठवता येईल?

सुकवलेलं असलं तरी ते वनस्पतीचं साहित्यच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड याबाबतीत फार कडक आहेत. पार्सलवर आणि विमानतळावरच्या फॉर्मवर ते स्पष्ट जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड, जाहीर केलं तर निदान तपासून सोडण्याची शक्यता. बिया, शेंगा, साल मांडणीत नसलेल्या बऱ्या. पाठवण्याआधी त्या देशाचे नियम त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा, कुरिअरवाल्याच्या "जातं हो सगळं" वर जाऊ नका.

पॅकिंग करताना काचेवर मास्किंग टेपची फुली मारा, म्हणजे फुटली तरी तुकडे फुलांत घुसत नाहीत. खोक्यात फ्रेम उभी ठेवा, आडवी नको.

२३. काचेला तडा गेला. फुलं वाचतील का?

बहुतेक वेळा हो. फ्रेम आडवी ठेवा, शाबूत काच खाली. तडा गेलेल्या काचेवर टेप चिकटवून तिला एकसंध करा, मग कडेची पट्टी कापून ती सरळ वर उचला. काही पाकळ्या तिला चिकटून येतील. त्यांना ओढू नका, काच उलटी करून मागून बोटाने टिचकी मारा. त्याच मापाची नवी काच, ११व्या प्रश्नातली सुकवणूक, पुन्हा बंद. डाग दिलेली फ्रेम असेल तर हे घरी करू नका, डाग सोडवताना उरलेली काचही जाते. ज्याने केली त्याच्याकडेच न्या.

आणि उघडलीच आहे तर मागच्या वेळी तिरकं बसलेलं ते एक पान सरळ करून घ्या. मला माहीत आहे, तुम्हाला ते रोज दिसत होतं.